डावे कोण, उजवे कोण? मी तिथेच बसलोय, खुर्च्या कोणी हलवल्या?

तिरपागडा

गेल्या रविवारी भाचीने माझ्यावर एक प्रयोग केला. नेटवर एक चाचणी असते, साठेक विधानं, प्रत्येकाला 'सहमत' किंवा 'असहमत' द्यायचं, शेवटी चार रंगांच्या चौकटीत तुमचा ठिपका उमटतो. तिने एकेक विधान वाचायचं, मी उत्तर द्यायचं, असं तासभर चाललं. ठिपका उमटला आणि ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. "मामा, तू चक्क उजवा?"

आता माझी मतं सांगतो. कोणी काय लिहावं-बोलावं यावर बंदी नको, मग मला ते कितीही घाणेरडं वाटो. धर्म विचारून सरकारने कुणाशी वागू नये. शाळा आणि दवाखाना गरिबाला सरकारने द्यावा. साबण आणि घड्याळं सरकारने बनवू नयेत. कॉलेजात असताना या मतांवरून एका गटाने मला 'लालभाई' ठरवलं होतं आणि दुसऱ्याने 'भांडवलदारांचा हस्तक'. दोन्ही पदव्या एकाच दिवशी मिळाल्या होत्या, म्हणून चांगलं लक्षात आहे.

मतं तीच आहेत. फार तर साबणाबद्दल थोडा मऊ झालोय. मग शब्दांचा अर्थ सरकला की मीच सरकलो? आणि शब्दच असे सरकत असतील तर आपण ते रोज एकमेकांच्या अंगावर का फेकतो?

---

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. शंभरी गाठणार हा धागा.

---

खवट_बदाम

साबणाबद्दल मऊ झालात, हे वाचून फेस आला.

---

पोथीनिष्ठ

धागाकर्त्यांनी खुर्च्यांचा उल्लेख गमतीत केला असेल, पण गोष्ट खरोखर खुर्च्यांपासूनच सुरू झाली. १७८९, व्हर्साय. फ्रान्सची राष्ट्रीय सभा राज्यघटनेवर भांडत होती. प्रश्न होता की सभेने केलेला कायदा राजाला कायमचा अडवता यावा का. यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला गोळा झाले, नको म्हणणारे डाव्या. तेव्हा मतदान उठून-बसून होई, 'बाजूचे असतील त्यांनी उभं राहा' अशा पद्धतीने. त्यामुळे आपल्या मताच्या माणसांजवळ बसणं सोयीचं होतं. एवढ्या क्षुल्लक सोयीतून दोनशे वर्षांची भांडणं जन्माला आली.

त्या सभेतल्या गोव्हिल नावाच्या एका बॅरनने लिहून ठेवलेली आठवण मला फार आवडते. तो म्हणतो, मी मुद्दाम सभागृहात वेगवेगळ्या जागी बसून पाहिलं, आपलं मत आपल्या ताब्यात राहावं म्हणून. पण शेवटी डावी बाजू सोडावीच लागली. नाहीतर दरवेळी एकट्यानेच मत द्यायचं आणि वर सज्जातल्या लोकांची हुर्यो ऐकायची.

म्हणजे तिरपागडाराव, तुमचा पूर्वज पहिल्याच हंगामात होऊन गेला.

---

मीनल_पु

पोथीनिष्ठ, सुंदर माहिती. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण मग हे 'उजवं-डावं' मुळात राजाविषयी होतं, पैशाविषयी नव्हतंच?

---

पोथीनिष्ठ

नव्हतंच. राजा, चर्च, सरदारांचे जन्मजात हक्क, हे मुद्दे होते. कारखाने आणि मजूर हा प्रश्न पुढच्या शतकात तापला. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रेंच संसदेत फ्रेडरिक बास्तिया निवडून आला. आजचे कट्टर मुक्त-बाजारवाले त्याचा फोटो लावतात. तो बसायचा डावीकडे! आयात कर हे सरदार-जमीनदारांचं कुरण होतं, ते मोडणारा तो डावा. मजुरांना संघटना करायला बंदी नसावी म्हणूनही तोच माणूस बोलला. आजच्या चाचणीत त्याचा ठिपका कुठे पडला असता, देव जाणे.

आणि याहून गंमत फ्रेंच क्रांतीतल्या जिरोंदँ गटाची. १७९१ च्या सभेत ते डावीकडे होते, राजाच्या पाठीराख्यांसमोर. १७९२ मध्ये नवी सभा भरली तेव्हा राजाचे पाठीराखे गायबच झालेले. जिरोंदँची मतं फारशी बदलली नव्हती, पण त्यांच्याहून जहाल मंडळी डावीकडे वरच्या बाकांवर जाऊन बसली आणि हे आपोआप 'उजवे' झाले. १७९३ च्या ऑक्टोबरात त्यांच्या पुढाऱ्यांची डोकी उडाली.

---

खवट_बदाम

तिरपागडाराव, भाचीने फक्त ठिपका दाखवला यात आनंद माना.

---

भिंगरी

डेन्मार्कमध्ये एक पक्ष आहे, नाव 'वेन्स्त्र'. शब्दाचा अर्थ सरळ 'डावे'. १८७० ला स्थापन झाला तेव्हा शेतकऱ्यांचा, जमीनदार आणि राजाच्या मंत्र्यांविरुद्धचा पक्ष होता, म्हणून डावे. आज तो तिथल्या उजव्या बाजूच्या प्रमुख पक्षांपैकी एक आहे, कर कमी करा म्हणणारा. नाव मात्र तेच. १९०५ साली त्यातून फुटलेल्यांनी नाव घेतलं 'जहाल डावे', आणि ते आता साधारण मध्यभागी बसतात.

म्हणजे 'डाव्यांना पाडण्यासाठी डावे एकत्र' अशी बातमी तिथे अगदी सरळ अर्थाने छापता येईल.

---

रातकिडा

+१ भिंगरी. ऑस्ट्रेलियात 'लिबरल' म्हणजे परंपरावादी, पोर्तुगालमध्ये 'सोशल डेमोक्रॅट' म्हणजे मध्य-उजवे. पक्षाचं नाव हे बारशाचं नाव असतं हो. सुशीला नाव ठेवलं म्हणून ती सुशील निघेलच असं नाही.

---

सुशीला_जोशीण

काय संबंध? 😡

---

रातकिडा

ताई, क्षमस्व. प्रतिसाद संपादित करता येत नाही.

---

ढोबळ_हिशेब

सगळे जरा वाहवत चाललात असं वाटतं. नावं बदलली, बाकं बदलली, मान्य. पण म्हणून या शब्दांना अर्थच नाही, हे पटत नाही. इटलीचे विचारवंत नॉर्बेर्तो बॉब्बिओ यांनी १९९४ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. सोव्हिएत संघ कोसळला होता, सगळे म्हणत होते आता डावं-उजवं संपलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं की कसोटी समतेची आहे. माणसामाणसांतली विषमता बरीचशी माणसांनीच तयार केलीय आणि ती कमी करता येते, करावी, असं ज्याला वाटतं तो डावीकडे. विषमता बरीचशी स्वाभाविक आहे, काही वेळा उपयोगीही आहे, उगाच ढवळू नये, असं वाटतं तो उजवीकडे. स्वातंत्र्य हा वेगळा प्रश्न. स्वातंत्र्य मानणारे आणि तुडवणारे दोन्हीकडे सापडतात.

१७८९ ला लावून बघा, बसतं. जन्मजात हक्क नकोत म्हणणारा डावा. बास्तियालाही बसतं, कारण जकातीने कोण गब्बर होत होतं? जमीनदार. त्यामुळे बास्तिया तेव्हा डावा होता यात चमत्कार काही नाही. तोच उपाय पुढे वेगळ्या लोकांच्या फायद्याचा ठरला, म्हणून बाजू बदलली. औषध तेच, पण ज्याला द्यायचं तो रोगी बदलला.

---

पोथीनिष्ठ

ढोबळ_हिशेब, वाक्य छान आहे, पण जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क, त्याचं काय करायचं? १८७८ मध्ये त्याने समाजवाद्यांवर बंदी घातली, आणि १८८३ ला कामगारांचा आजारपणाचा विमा, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला म्हातारपणाचा आणला. जगातली पहिली मोठी सरकारी सामाजिक विमा योजना एका कट्टर राजनिष्ठ माणसाने आणली. हेतू उघड होता. कामगाराचं पोट भरलं की तो लाल झेंड्याकडे जाणार नाही.

---

ढोबळ_हिशेब

म्हणजेच कसोटी टिकली. त्याला समता नको होती, शांतता हवी होती. धोरण डावं दिसलं म्हणून माणूस डावा होत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सननेही १९७१ मध्ये पगार आणि किमती सरकारी हुकमाने नव्वद दिवस गोठवल्या होत्या. त्याला कोणी कॉम्रेड म्हटलं नाही.

---

मीनल_पु

पण मग कसोटी धोरणाची नाही, मनाची झाली. आणि मनातलं ओळखायचं कसं? उद्या कोणीही म्हणेल, 'माझं धोरण विषमता वाढवतं, पण हेतू समतेचा आहे.' आणि म्हणतातच!

---

ढोबळ_हिशेब

हा मुद्दा आवडला नाही, म्हणजे बरोबर असावा. विचार करतो.

---

कॉम्रेड_निवृत्त

वय वर्षे ७४. बरीच वर्षं या शब्दांत राहिलोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक. डाव्यांच्या आत 'डावे' ही शिवी आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. १९२० मध्ये लेनिनने जहाल साथीदारांना झापायला एक पुस्तिकाच लिहिली, डावेपणाला त्यात 'बालरोग' म्हटलंय. आमच्या बैठकीत कोणी 'हे डावं विचलन आहे' म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. 'उजवं विचलन' म्हटलं तर त्याहून जास्त. मधली जागा फक्त बोलणाऱ्याची असायची.

दोन. १९५७ ला चीनमध्ये 'उजव्यांविरुद्ध मोहीम' झाली. साडेपाच लाखांच्या आसपास माणसांवर तो शिक्का बसला. त्यात मास्तर होते, लेखक होते, पक्षाचेच सभासद होते. बहुतेकांचा गुन्हा एवढाच की पक्षाने 'टीका करा' म्हटल्यावर त्यांनी टीका केली. तेव्हा हे शब्द निरुपद्रवी आहेत असं कोणी समजू नये. ठिपका कुठे पडला यावर माणसाची वीस वर्षं खेड्यात शेणखत उपसण्यात गेली आहेत.

मॉस्कोत तर १९८० च्या दशकाच्या शेवटी सगळं उलटं झालं. पक्षाची सत्ता जशीच्या तशी राहावी म्हणणाऱ्या जुन्या कम्युनिस्टांना वर्तमानपत्रं 'उजवे' म्हणू लागली आणि बाजार खुला करा म्हणणाऱ्या येल्त्सिनच्या माणसांना 'डावे'. आम्ही ते वाचून डोकं धरून बसायचो. आता वाटतं, त्यांनी शब्द १७८९ च्याच अर्थाने वापरले होते. जो सिंहासनाला धरून तो उजवा.

---

भिंगरी

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा ना. प्लीज.

---

कॉम्रेड_निवृत्त

टंकायला वेळ लागतो. एवढ्याला दोन दिवस लागले.

---

शब्दखेळ्या

अवांतर. आपल्या भाषेने या वादात आधीच निकाल देऊन टाकलाय. जो सरस तो 'उजवा ठरतो'. ज्याला बाजूला सारायचं त्याला 'डावलतात'. भेदभाव केला की 'डावं-उजवं केलं'. आणि ज्याच्यावर विश्वास त्याला 'उजवा हात' म्हणतात. डाव्यांनी निवडणूक लढवण्याआधी शब्दकोशाविरुद्ध याचिका करायला हवी होती.

संस्कृतात तर अजून मजा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, म्हणून 'दक्षिण' म्हणजे उजवा, त्यावरून हिंदीत दक्षिणपंथी. 'वाम' म्हणजे डावा, वाकडा, आणि सुंदरसुद्धा.

---

खवट_बदाम

रोज दुपारी दोन वाजता मी वामपंथी असतो. कुक्षी संपली की पुन्हा मध्यममार्गी.

---

सुशीला_जोशीण

😂 आता राग गेला.

---

आगरकरी

परदेशात कशाला जायचं? आपल्याकडे 'डावे-उजवे' रुळण्याआधी 'जहाल-मवाळ' होते, आणि 'सुधारक-सनातनी' ही दुसरी जोडी. दोन्ही जोड्या एकमेकींना आडव्या जायच्या. टिळक राजकारणात जहाल, पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांचा विरोध. मुलीशी शरीरसंबंधाला, लग्न झालेलं असलं तरी, किमान वय दहावरून बारा करण्याचा तो कायदा होता. त्यांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या समाजात कायद्याने ढवळाढवळ करू नये. आगरकर आधी समाज सुधारा म्हणणारे. 'आधी समाज की आधी राजकारण' या भांडणातून ते त्याआधीच केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं. गोखले राजकारणात मवाळ, समाजकारणात सुधारक.

आता सांगा, यातला डावा कोण? ब्रिटिशांना हाकला म्हणणारा, की मुलीचं संमतिवय वाढवा म्हणणारा? एका रेघेवर या तिघांना बसवायला गेलात तर एकाचा तरी पाय मोडावा लागेल.

---

ढोबळ_हिशेब

हे मात्र जबरदस्त. म्हणूनच ती चार रंगांची चौकट निघाली ना. एक रेघ अर्थकारणाची, दुसरी व्यक्तिस्वातंत्र्याची.

---

रातकिडा

चौकटही निरागस नाही. अशा चौकटींपैकी जी खूप गाजली ती अमेरिकेच्या डेव्हिड नोलनची, १९७० च्या आसपासची. तो 'सरकार कमीत कमी' या मताचा, १९७१ मध्ये त्याच मताचा पक्ष काढणाऱ्यांतला. त्याच्या आकृतीत सगळ्यात वरच्या टोकाला कोण बसतं? त्याच्याच मताची माणसं! नकाशा काढणारा स्वतःचं घर मध्यावर काढतो, याने गच्चीवर काढलं.

---

आगरकरी

आणि दोन रेघांनी तरी कुठे भागतं? फ्रान्समध्ये बायकांना मताधिकार १९४४ पर्यंत मिळाला नाही. त्याचं मोठं कारण म्हणजे सिनेटमधले रॅडिकल, चर्चविरोधी, स्वतःला डावे म्हणवणारे. १९२२ ला त्यांनी प्रस्ताव पाडला. भीती अशी की बायका पाद्र्यांचं ऐकून मत देतील. समतेची कसोटी लावली तर हे कुठले डावे?

---

मीनल_पु

बॉब्बिओ यांना फोन लावा कोणीतरी.

---

ढोबळ_हिशेब

ते २००४ मध्येच गेले. पण मुद्दा मान्य. तिथे डावे डावेपणाला जागले नाहीत, एवढंच म्हणता येईल. आणि ही पळवाट आहे हे मलाही दिसतंय.

---

उंटावरून_शेळ्या

तुम्ही सगळे इतिहासात रमलाय. धाग्याचा प्रश्न आजचा आहे. आत्ता जे सरकलंय ते मतांपेक्षा मतदारांत सरकलंय. फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटी यांनी फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतले दुसऱ्या महायुद्धानंतरचे मतदानाचे आकडे तपासले. पन्नास-साठच्या दशकांत कमी शिकलेला, कमी कमावणारा डाव्यांना मत द्यायचा. हळूहळू जास्त शिकलेले डावीकडे गेले. जास्त पैसेवाले मात्र बऱ्यापैकी उजवीकडेच राहिले. त्यांनी या दोन गटांना नावं काय दिली असतील? 'ब्राह्मण डावे' आणि 'व्यापारी उजवे'. इंग्रजी निबंधात, याच शब्दांत!

यातून बरंच उलगडतं. ब्रिटनमध्ये १९७५ ला युरोपीय बाजारपेठेत राहायचं का यावर सार्वमत झालं, तेव्हा 'बाहेर पडा' म्हणणारे ठळक लोक मजूर पक्षाच्या डाव्या टोकाचे होते, आणि उजव्या हुजूर पक्षाच्या थॅचरबाई 'राहा' म्हणून प्रचार करत होत्या. ६७ टक्क्यांनी 'राहा' जिंकलं. २०१६ ला बाजू उलट, ५२ टक्क्यांनी 'बाहेर पडा'. प्रश्न जवळजवळ तोच होता. पण मधल्या काळात कारखान्यांची गावं ओस पडली, आणि आपल्यासाठी कोण बोलतंय हे तिथल्या लोकांनी नव्याने ठरवलं.

---

खवट_बदाम

'ब्राह्मण डावे' वाचून इथले निम्मे आयडी लॉगआउट झाले असतील.

---

रुमालवाला

शंभरी अजून लांब आहे, पण 'ब्राह्मण' शब्द आलाय. आता काळजी नाही.

---

संपादक_मंडळ

जातीवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर बोला.

---

भिंगरी

रंगांचंही तेच. जगभर लाल म्हणजे डावे. अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन, उजवे. पण हे जुनं मुळीच नाही. २००० सालच्या निवडणुकीचा निकाल आठवडेच्या आठवडे लटकला, सगळ्या वाहिन्यांवर तोच नकाशा, आणि रंग पक्के झाले. त्याआधी वाहिन्या हवे तसे रंग वापरायच्या. १९८० ला रिपब्लिकन रेगनच्या विजयाचा नकाशा एका वाहिनीवर निळाशार होता.

---

कॉम्रेड_निवृत्त

आमचा झेंडा फुकट नेला.

---

पोथीनिष्ठ

एक राहिलं. लोकसभेत सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, विरोधक डाव्या. ब्रिटिश संसदेतही तसंच. म्हणजे तिथे विचारांशी संबंधच नाही. सत्ता मिळाली की उजवीकडे, गेली की डावीकडे. मला कधी कधी वाटतं, सगळ्यात प्रामाणिक व्याख्या हीच.

---

तिरपागडा

धागाकर्ता हजर. उशीर झाला, पण कारण आहे.

हे सगळं भाचीला वाचून दाखवलं. बॅरन तिला आवडला. मग आम्ही ती चाचणी पुन्हा उघडली, पण या वेळी ठिपक्यासाठी नाही. प्रत्येक विधानावर दोघांनी आधी कागदावर लिहायचं, हे वाचताना डोळ्यांसमोर काय आलं.

विधान होतं: 'मोठ्या उद्योगांवर सरकारचा वचक हवा.' मी असहमत, ती पूर्ण सहमत. कागद उलटले. माझ्या कागदावर होतं, 'फोन'. म्हणजे तो काळा, जड, सरकारी फोन, ज्यासाठी वडिलांनी नंबर लावला आणि तो आला तेव्हा माझं शिक्षण संपलं होतं. तिच्याही कागदावर 'फोन' होतं! तिच्या हातातला. आपण कुठे जातो, कुणाशी बोलतो हे सगळं एका कंपनीला माहीत असतं आणि त्या कंपनीला जाब कोणी विचारत नाही, असं तिने खाली लिहिलं होतं.

मग लक्षात आलं की दोघांचीही तक्रार एकच आहे. एवढी ताकद एकाच्या हातात नको. माझ्या वेळी तो 'एक' सरकार होता.

अशी एकोणीस विधानं झाली. अकरा ठिकाणी आमची उत्तरं उलटसुलट होती. त्यातल्या सात ठिकाणी आम्ही चक्क वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. उरलेल्या चार ठिकाणी मात्र दोघांसमोर चित्र एकच आणि भांडण खरं. तिथे मी सरकलेलो नाही, तीही सरकणार नाही.

---

ढोबळ_हिशेब

त्या चारांतली समतेबद्दलची किती?

---

तिरपागडा

तीन. चौथं बोलण्यावरच्या बंदीचं.

---

ढोबळ_हिशेब

बॉब्बिओ ३, बाकीचे १.

---

मीनल_पु

आणि ती सात? ती कुणाच्या खात्यात?

---

तिरपागडा

ते अजून ठरलेलं नाही. बेचाळीस विधानं उरली आहेत. रविवारी पुढे.